क्लचमधली हवा

क्लचचे पेडल दाबले की इंजिन आणि गिअरबॉक्स यांची जोड सुटते. पाय उचलला की ती पुन्हा जुळते. पायाचा जोर क्लचपर्यंत पोचवण्याच्या दोन पद्धती चारचाकीत रूढ आहेत. एकीत पेडलापासून गिअरबॉक्सपर्यंत पोलादी वायर ओढलेली असते. मारुतीची ओम्नी किंवा जुनी अल्टो या जातीची. दुसरीत वायरच्या जागी तेलाने भरलेली बारीक नळी असते. महिंद्राच्या बोलेरोचा आणि स्कॉर्पिओचा क्लच असा तेलाच्या दाबावर चालतो. वायर ताणली किंवा तुटली तर ती डोळ्यांना दिसते. तेलाच्या क्लचचे दुखणे नळीच्या आत असते, आणि बहुतेक वेळा ते तेलात शिरलेल्या हवेचे असते. ही हवा बाहेर काढणे हे घरच्या अंगणात, दोन माणसांनी, तासाभरात करण्यासारखे काम आहे. मात्र ती आत कशी शिरली हे शोधल्याशिवाय काम पुरे झाले असे समजू नये.

जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांत अशा क्लचची रोज परीक्षा होते. नारायणगावच्या टोमॅटो बाजारात हंगामात पिकअपच्या रांगा लागतात. वीस-वीस किलोचे साठ-सत्तर क्रेट घेऊन गाडी हातभर सरकते, थांबते, पुन्हा सरकते, आणि दर खेपेला क्लच दाबला जातो. पश्चिमेला भीमाशंकर, आहुपे आणि माळशेजच्या बाजूला चढ-वळणे आणि पावसाळाभर धुके. पूर्वेला आणे पठारावर आणि बेल्ह्याकडे कोरडे ऊन. गाड्या नुसत्या उभ्या राहण्याचेही या भागात प्रसंग आहेत. नारायणगाव ही तमाशाची पंढरी. गुढीपाडव्याच्या सुमारास इथे फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावच्या यात्रांच्या सुपाऱ्या ठरतात; यात्रांचा हंगाम सरला की फडांच्या गाड्यांना पावसाळ्यात विसावा मिळतो. मुंबईला नोकरी करणाऱ्या कुटुंबांच्या मोटारीही गावच्या घरापुढे महिनोन्‌महिने ताडपत्रीखाली असतात. रांगेत सतत दाबलेला क्लच आणि दमट हवेत न दाबता राहिलेला क्लच, दोन्ही एकाच ठिकाणी बिघडतात: सिलिंडरातल्या रबरी वॉशरांत.

दाबाचे गणित

रचना साधी आहे. बॉनेटखाली ब्रेक ऑइलची प्लॅस्टिकची डबी असते. तिच्याखाली किंवा तिला नळीने जोडलेला मास्टर सिलिंडर, ज्याला गॅरेजात वरचा सिलिंडरही म्हणतात. पेडलाची दांडी त्याचा पिस्टन पुढे ढकलते. तिथून लोखंडी नळी आणि रबरी होज गिअरबॉक्सपाशी उतरतात, आणि तिथे स्लेव्ह सिलिंडर म्हणजे खालचा सिलिंडर बसवलेला असतो. त्याच्या पिस्टनची दांडी क्लचच्या फोर्कला रेटते, फोर्क रिलीज बेअरिंगला, आणि बेअरिंग प्रेशर प्लेटच्या पट्ट्यांना. पट्ट्या दबल्या की क्लच प्लेट मोकळी होते.

पेडल दाबायला पायाने दहा किलोचा जोर लावला असे धरू. पेडल ही तरफ आहे. ती हा जोर साधारण पाचपट करते, म्हणजे मास्टर सिलिंडरच्या दांडीवर पन्नास किलो येतात. मास्टरचा आतला व्यास १५.८७ मिमी, म्हणजे पाऊण इंचाहून थोडा कमी असा पाच अष्टमांश इंच असेल, तर पिस्टनचे क्षेत्रफळ सुमारे २ चौरस सेंमी भरते, आणि तेलात दर चौरस सेंटिमीटरला २५ किलोचा दाब तयार होतो. बंद द्रवात हा दाब सर्व दिशांना सारखाच पसरतो, हे सतराव्या शतकात ब्लेझ पास्कल या फ्रेंच शास्त्रज्ञाने मांडले. खालच्या सिलिंडरचा व्यास १९.०५ मिमी म्हणजे पाऊण इंच असेल, तर तिथले क्षेत्रफळ २.८५ चौरस सेंमी होते आणि फोर्कवर सत्तर किलोंपेक्षा थोडा जास्त जोर पडतो. जोर वाढला त्याची किंमत अंतरात मोजावी लागते. वरचा पिस्टन ३० मिमी सरकला तर खालचा जेमतेम २१ मिमी सरकतो.

आता यात फिरणारे तेल किती? २ चौरस सेंमी गुणिले ३ सेंमी, म्हणजे अवघे ६ मिली. चहाचा सव्वा चमचा. क्लचचे सगळे काम या एवढ्याशा तेलावर चालते, आणि हवा इतकी महाग का पडते ते इथेच कळते. नळीत २ मिली हवा अडकली असेल तर २५ किलोच्या दाबाखाली तिचा आकार दहाव्या हिश्श्याहूनही कमी, ०.१ मिलीच्या आत येतो. पेडलाने ढकललेल्या ६ मिलीपैकी १.९ मिली तेल नुसती हवा चेपण्यात खर्ची पडते. खालचा पिस्टन २१ ऐवजी १४ मिमी सरकतो. फोर्कला प्लेट सोडवण्यासाठी त्याहून जास्त सरकणे लागत असेल, तर पेडल पूर्ण दाबूनही प्लेट चिकटून राहते, गिअर खरखरतो आणि रिव्हर्स तर पडतच नाही. तेल स्वतः जवळजवळ चेपत नाही. म्हणून हवा गेली की गाडी पूर्ववत होते.

ऑइलची निवड आणि पाण्याचा प्रश्न

क्लचला ब्रेकचेच ऑइल लागते. कित्येक गाड्यांत तर दोघांची डबी एकच असते, क्लचची नळी डबीच्या वरच्या अंगाला जोडलेली. क्लच गळला तरी खालच्या भागातले ऑइल ब्रेकसाठी उरावे अशी ही योजना आहे. अशा गाडीत क्लच अचानक खाली बसला तर तो आधी ब्रेक ऑइल तपासण्याचा इशारा समजावा.

बाजारात डॉट ३, डॉट ४ आणि डॉट ५.१ मिळतात. तिन्ही ग्लायकॉल ईथर या वर्गातली, फिकट पिवळसर. डॉट ३ चा उत्कलनबिंदू ताजे असताना किमान २०५ अंश सेल्सिअस असतो, डॉट ४ चा २३०. ही ऑइले हवेतली वाफ शोषतात, आणि पाण्याचे प्रमाण ३.७ टक्क्यांवर गेले की ते आकडे अनुक्रमे १४० आणि १५५ वर उतरतात. क्लचमध्ये ब्रेकइतकी उष्णता होत नाही. तरी खालचा सिलिंडर कधी सायलेन्सरच्या पाइपाजवळ असतो, आणि घाटात अर्धा क्लच दाबून चालवलेल्या गाडीत क्लचभोवतीचे बेल हाउसिंग बरेच तापते. पाण्याचा खरा त्रास मात्र उकळण्याचा नसून गंजण्याचा आहे. ओले ऑइल सिलिंडरच्या आतल्या भिंतीला खड्डे पाडते, त्या खड्ड्यांवर रबरी वॉशर घासून झिजतो, आणि तिथून एकीकडे ऑइल बाहेर येते तर दुसरीकडे पेडल परतताना हवा आत ओढली जाते. पश्चिम पट्ट्यात चार महिने उभ्या राहिलेल्या गाडीचा क्लच पहिल्याच दिवशी दगा देतो, तो बहुधा असा.

डबीच्या झाकणावर जे लिहिले असेल तेच ऑइल घालावे. डॉट ३ च्या जागी डॉट ४ चालते. डॉट ५ हे सिलिकॉनचे, जांभळट रंगाचे ऑइल वेगळ्याच जातीचे आहे. नावातला आकडा पाहून ते डॉट ४ मध्ये मिसळू नये. अडल्या वेळी इंजिन ऑइल, पॉवर स्टिअरिंगचे ऑइल किंवा डिझेल डबीत ओतण्याचा मोह होतो, आणि तो सर्वात महागात पडतो. ब्रेक ऑइलसाठी केलेले रबर खनिज तेलात फुगते आणि लिबलिबीत होते. मग दोन्ही सिलिंडरांची किटे म्हणजे रबरी वॉशरांचे संच, होज आणि डबीचे झाकणसुद्धा बदलावे लागते. डबी सामायिक असेल तर ब्रेकचेही. काही युरोपीय गाड्यांत क्लचला मुळातच खनिज तेल असते. तिथे ब्रेक ऑइल घातले तर तेच नुकसान उलट बाजूने होते.

आधी निदान

हवा काढायला बसण्यापूर्वी दहा मिनिटे पाहणीत घालवावीत. पहिला प्रश्न डबीतल्या पातळीचा. ब्रेकचे पॅड झिजले की पातळी आपोआप थोडी उतरते. क्लचचे उलट आहे. प्लेट झिजत जाते तशा प्रेशर प्लेटच्या पट्ट्या रिलीज बेअरिंगकडे सरकतात, खालचा पिस्टन मागे रेटला जातो आणि ऑइल डबीत परत येते. त्यामुळे क्लचची डबी वेगळी असेल आणि तिची पातळी उतरली असेल, तर ते झिजेमुळे नव्हे. ऑइल कुठेतरी बाहेर गेले आहे.

ते शोधण्याच्या जागा मोजक्या आहेत. ड्रायव्हरच्या पायाशी, मास्टरची दांडी जिथे आत शिरते तिथे बोट फिरवून पाहावे. वरचा सिलिंडर गळत असेल तर पेडलामागची भिंत ओली असते आणि खालचे कार्पेट चिकट लागते. खाली खालच्या सिलिंडरची रबरी टोपी किंचित उचलून पाहावी. आत धूळ आणि ओल असणे ठीक, पण ऑइल ओघळले तर वॉशर गेला. नळीचे जोड आणि होजची टोके शेवटी पाहावीत. बेल हाउसिंगच्या तळातून थेंब पडत असतील तर ते कोणते तेल आहे हे ओळखणे गरजेचे असते. गिअर ऑइल दाट असते, त्याला गंधकासारखा उग्र वास येतो आणि ते पाण्याने धुतले जात नाही. ब्रेक ऑइल पातळ असते आणि पाण्यात सहज मिसळते.

पातळी जागेवर असूनही क्लच सुटत नसेल तर पेडलच बरेच सांगते. पेडल मऊ, स्पंजासारखे लागते आणि तीन-चार वेळा भराभर दाबल्यावर वर येऊन कडक होते, तेव्हा नळीत हवा आहे. पेडल भराभर दाबले तर गिअर पडतो पण सावकाश दाबले तर पडत नाही, किंवा सिग्नलला दाबून धरलेले पेडल हळूहळू खाली जाते आणि गाडी पुढे सरकू लागते, तेव्हा मास्टरचा आतला वॉशर ऑइल मागे सोडतो आहे. या दुसऱ्या प्रकारात बाहेर थेंबभरही गळत नाही. म्हणून तो ओळखला जात नाही, आणि लोक पुन्हा पुन्हा हवा काढत राहतात. मास्टरचे किट किंवा अख्खा सिलिंडर बदलणे हाच त्यावर इलाज.

खालच्या सिलिंडरची दांडी बाहेरून दिसत असेल तर सर्वात भरवशाची तपासणी पट्टीने होते. एकाने पेडल पूर्ण दाबावे, दुसऱ्याने दांडी किती मिमी सरकली ते मोजावे. कंपनीच्या पुस्तकात दिलेल्याइतकी ती सरकत असूनही गिअर खरखरत असेल, तर तेलाच्या बाजूला दोष नाही. फोर्क वाकला असेल, बेअरिंग अडकले असेल, किंवा ओलीत उभ्या गाडीत प्लेट गंजून इंजिनाच्या फ्लायव्हीलला चिकटली असेल. त्या वेळी निपल, म्हणजे खालच्या सिलिंडरवरचा हवा काढण्याचा स्क्रू, खोलून काही साधत नाही.

हत्यारे आणि तयारी

दोन माणसे, पाव ते अर्धा लिटर ऑइलची सीलबंद बाटली, निपलच्या मापाचा पाना, निपलवर घट्ट बसेल अशी हातभर पारदर्शक नळी, एक काचेची बरणी, चिंध्या, पाण्याची बादली आणि डोळ्यांना चष्मा, इतके पुरते. निपल बहुधा ८, १० किंवा ११ च्या पान्याचे असते. पाना सहा कोनांचा रिंग पाना असावा. बारा कोनांचा किंवा उघडा पाना गंजलेल्या निपलचे कोपरे गोल करतो, आणि एकदा कोपरे गेले की तासाभराच्या कामाचा अर्धा दिवस होतो. गंजलेल्या निपलवर आदल्या रात्री गंज सोडवणारे तेल मारून ठेवावे. नळी पारदर्शकच हवी. या भागात घरोघरी ठिबकाची नळी पडलेली असते, पण ती काळी. तिच्यातून बुडबुडे दिसत नाहीत आणि बुडबुडे पाहणे हेच तर काम आहे.

बाटली नवी हवी, कारण मागच्या वर्षी उघडून फडताळात ठेवलेल्या ऑइलाने पावसाळ्याची ओल केव्हाच घेतलेली असते. पाऊस पडत असताना डबी उघडू नये. ब्रेक ऑइल रंग खाते: मडगार्डवर सांडले तर पुसू नये, लगेच भरपूर पाण्याने धुवावे.

गाडी सपाट जागी, हँडब्रेक ओढून, गिअर न्यूट्रलला ठेवून, चाकांना दगड किंवा लाकडी ओट लावून उभी करावी. पिकअपसारख्या उंच गाडीत जॅक न लावताही खालच्या सिलिंडरपर्यंत हात पोचतो. मोटार उचलावी लागली तर ती स्टँडवर टेकवल्याशिवाय खाली शिरू नये. नुसत्या जॅकवर उभी गाडी कोसळून माणसे दगावतात.

काम सुरू करण्यापूर्वी डबीतले जुने काळपट ऑइल सिरिंजने शोषून घ्यावे, डबीच्या तळचा गाळ पुसावा आणि नवे ऑइल वरच्या खुणेपर्यंत भरावे. हा गाळ म्हणजे बहुधा झिजलेल्या वॉशरची काळी पूड. तो खूप असेल तर किट बदलण्याची वेळ आली आहे.

हवा काढणे

निपलवर आधी पाना आणि मग नळी चढवावी. नळीचे दुसरे टोक बरणीत, तळाशी दोन बोटे घेतलेल्या ताज्या ऑइलात बुडलेले असावे. पेडलावरचा माणूस पेडल सावकाश खालपर्यंत दाबतो आणि "धरलं" म्हणतो. खालचा माणूस निपल पाव फेरा सैल करतो. नळीतून ऑइल आणि बुडबुडे बाहेर येतात, पेडल मजल्याला टेकते. ते तिथेच धरलेले असताना खालचा निपल आवळतो आणि "सोड" म्हणतो. मगच पाय उचलायचा. निपल उघडे असताना पाय उचलला तर नळीतून हवा परत आत जाते आणि आधीची सगळी मेहनत वाया जाते. म्हणून हे दोन शब्द मोठ्याने, दर खेपेला म्हटले जावेत; इंजिन बंद असावे, आजूबाजूला गोंगाट नसावा.

काही गाड्यांत पेडल आपणहून वर येत नाही. ते पायाच्या बोटांनी उचलून वर आणावे. दर पाच-सहा दाबांनंतर डबी पाहावी. ती रिकामी होऊन मास्टरने हवा घेतली तर काम पहिल्यापासून. नळीतून बुडबुडे न येता स्वच्छ, फिकट ऑइल सलग चार-पाच दाबांत आले की थांबावे. निपल अलगद आवळावे. ते पितळेचे किंवा मऊ पोलादाचे असते, आणि आतला शंकू टेकला की गळती थांबते. जोर केला तर सिलिंडरमधले आटे जातात. निपलची रबरी टोपी हरवली असेल तर नवी बसवावी, नाहीतर पुढच्या वेळी त्याच्या भोकात चिखल आणि गंज भेटतो.

भराभर पेडल मारणे ही गॅरेजांतली जुनी सवय आहे. तिने ऑइल घुसळले जाते, मोठा बुडबुडा फुटून त्याचे शंभर बारीक होतात आणि ते निघायला जास्त वेळ लागतो. सावकाश दाब, मध्ये क्षणभर विसावा, हीच खरी रीत.

एकट्याने करायचे असेल तर दोन वाटा आहेत. एक गुरुत्वाकर्षणाची: डबीचे झाकण काढायचे, निपल अर्धा फेरा सैल करून नळी बरणीत सोडायची आणि ऑइल आपणहून झिरपू द्यायचे. वेळ लागतो, पण बुडबुडे घुसळले जात नाहीत. दुसरी वाट उलटी, खालून वर. जनावरांच्या औषधांच्या दुकानात मिळणारी ५० मिलीची नवी सिरिंज ऑइलाने भरून, तिच्यातली हवा काढून, नळीने निपलला जोडायची आणि ऑइल हळूहळू वर रेटायचे. हवेचा स्वभाव वर जाण्याचा, त्यामुळे ती या मार्गाने सहज डबीत येते. डबीतले ऑइल आधी कमी करून ठेवावे, नाहीतर ते ओसंडून बॅटरीपाशी सांडते. हट्टी क्लचला ही रीत अनेकदा लागू पडते, आणि एकट्या माणसाने तिथूनच सुरुवात करावी हे उत्तम.

हवा निघतच नाही तेव्हा

अख्खी बाटली संपली, बुडबुडे थांबले, तरी पेडल मऊच, असे होते. याचे कारण बहुधा भूमितीत असते. निपल हे सिलिंडरच्या सर्वात उंच जागी असायला हवे. सिलिंडर उलटा किंवा तिरका बसवला गेला असेल, तर निपलच्या वरच्या पोकळीत हवेचा कप्पा अडून राहतो आणि ऑइल त्याच्या खालून निघून जाते. दोन बोल्ट काढून सिलिंडर होजसकट हातात घ्यावा, निपल वर येईल असा धरावा, दांडी पूर्ण आत दाबून घट्ट बांधावी आणि मग हवा काढावी. दांडी बांधल्याशिवाय पेडलाला हात लावू नये, कारण मोकळा पिस्टन सिलिंडरमधून उडून बाहेर पडतो. असाच कप्पा मास्टरच्या पुढच्या टोकाला होतो, जिथे तो पुढे वर उचललेला बसवलेला असतो. तिथे गाडीचा मागचा भाग उचलल्याने मास्टर सपाट होतो. नवा मास्टर बसवताना तो आधी हातात धरून ऑइलाने भरून घेतला तर हा त्रास मुळातच होत नाही.

बाहेर सिलिंडर असणाऱ्या गाड्यांत आणखी एक सोपी युक्ती आहे. निपल बंद ठेवून खालच्या सिलिंडरची दांडी हाताने सावकाश आत दाबायची. आतले ऑइल उलटे वर जाते, बरोबर अडकलेली हवा डबीत बुडबुडे होऊन येते. चार-पाच वेळा असे केल्यावर फरक कळतो.

काही नव्या मोटारींत खालचा सिलिंडर बेल हाउसिंगच्या आतच, गिअरबॉक्सच्या शाफ्टभोवती गोल बसवलेला असतो आणि रिलीज बेअरिंग त्यालाच जोडलेले असते. निपल बाहेर काढलेले असते, म्हणून हवा घरी काढता येते. पण पेडल अगदी सावकाश दाबावे, कारण जोराच्या धक्क्याने याचे वॉशर लवकर जातात. तो गळू लागला तर गिअरबॉक्स उतरवणे आले. ते अंगणातले काम नव्हे. गिअरबॉक्स खाली असतानाच क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि बेअरिंग पाहून घेतले तर दुहेरी मजुरी वाचते.

हवा नसलेली दुखणी

क्लच सुटत नाही आणि क्लच घसरतो, ही दोन वेगळी दुखणी. अवसरी घाटात भरलेली गाडी चढताना इंजिनाचा आवाज वाढतो पण वेग वाढत नाही, जळका वास येतो, तेव्हा क्लच घसरतो आहे. हवेने असे कधीच होत नाही. हवेने क्लच अर्धवट सुटतो, घसरत नाही. प्लेट संपली असेल किंवा तिच्यावर तेल गेले असेल. पण गिअरबॉक्स उतरवण्याआधी एक तपासणी करावी. क्लच घसरत असताना गाडी थांबवून खालचे निपल क्षणभर उघडावे. ऑइल जोराने बाहेर आले आणि क्लच पुन्हा पकडू लागला, तर दोष प्लेटचा नव्हे: ऑइल नळीत दाबाखाली अडकून राहते आहे. होज आतून फुगून झडपेसारखा एकाच बाजूला ऑइल सोडतो आहे, किंवा पेडलाच्या दांडीला पुरेसा मोकळा हेलकावा नसल्याने मास्टरचा पिस्टन पूर्ण मागे येत नाही. दांडी आणि पिस्टन यांत किंचित फट लागते. पेडलावर ती काही मिमीचा मोकळेपणा म्हणून जाणवते. ती दांडीवरच्या नटाने ठेवता येते. काही हजारांचे काम अशा एका नटावर निभावते.

रस्त्यातच क्लच खाली बसला तर आधी डबी पाहावी, जवळ ऑइल असेल तर भरावे आणि पेडल दहा-बारा वेळा दाबून पाहावे. दाब आला तर पहिल्या गावापर्यंत जाता येते. अजिबात आला नाही, तर सपाट, मोकळ्या रस्त्यावर इंजिन बंद करून पहिला गिअर टाकून स्टार्टर मारता येतो. गाडी झटका देऊन निघते आणि पहिल्या-दुसऱ्या गिअरवर हळूहळू चालते. थांबायचे म्हणजे इंजिन बंद करायचे. माळशेजच्या उतारावर, भीमाशंकरच्या वळणांवर किंवा नारायणगावच्या बाजाराच्या गर्दीत हा प्रयोग करू नये. तिथे गाडी बाजूला लावून टोचन करून न्यावी, आणि डबी ब्रेकशी सामायिक असेल तर तीही ब्रेकचा भरवसा करून.

शेवटची तपासणी

हवा निघाल्यावर इंजिन सुरू करावे, पेडल पूर्ण दाबून तीन ते पाच सेकंद थांबावे आणि रिव्हर्स टाकावा. बहुतेक गाड्यांत रिव्हर्सला खरखर टाळणारी सिंक्रो यंत्रणा नसते, त्यामुळे क्लच जराही अडत असेल तर तोच पहिल्यांदा बोलतो. गिअर आवाज न करता पडला की पेडल मिनिटभर दाबून ठेवावे, गाडी हलू नये. मग डबीवर पातळीची खूण आणि तारीख पेनाने लिहून ठेवावी. साधारण दर दोन वर्षांनी ऑइल बदलावे. दमट पट्ट्यात किंवा गाडी बराच काळ उभी असेल तर आधीच. काढलेले जुने ऑइल विषारी असते. ते ओढ्यात किंवा बांधावर ओतू नये, इंजिन ऑइलाच्या पिंपात मिसळू नये आणि थंड पेयाच्या रिकाम्या बाटलीत तर मुळीच ठेवू नये, पोरे पितात. आठवड्याने ती खूण पुन्हा पाहावी. पातळी हलली नसेल आणि पेडल तसेच कडक असेल तर काम झाले. पातळी उतरली असेल, किंवा पातळी जागेवर असून पेडल पुन्हा मऊ झाले असेल, तर दुसऱ्यांदा हवा काढण्यात वेळ घालवू नये; दोन्ही सिलिंडर खोलून किट टाकावे, आणि आतल्या भिंतीला नखाला लागतील असे खड्डे असतील तर सिलिंडरच नवा घ्यावा.